बाबांच्या दाव्याचं काय झालं?

(मिशनच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात पाड्यांवर काम करणाऱ्या एका भगिनीने केलेले भाषण)



दर वर्षी मी तुमच्यापुढे उभी राहते ती वसतिगृहातल्या मुलांविषयी, दवाखान्याविषयी सांगायला. आज मला एका कागदाविषयी बोलायचं आहे. तो कागद माझ्या कपाटात सात महिने पडून होता. त्याबद्दल आधी तुमची माफी मागते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका पाड्यावर आपल्या मंडळीतले एक वयस्कर बाबा राहतात. दोन एकरांचा तुकडा, त्यावर ज्वारी आणि तूर. शेजाऱ्याने बांध सरकवला म्हणून त्यांनी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी दावा लावला होता. तारखेच्या दिवशी पहाटे निघायचं, फाट्यापर्यंत जीप, पुढे एसटी. दिवसभर वकिलांच्या ऑफिसच्या पायरीवर बसायचं आणि संध्याकाळी "पुढची तारीख पडली, बाबा," एवढं ऐकून परत यायचं. वकीलसाहेब आजारी होते, कोर्टात येत नव्हते. ऑफिसातला मुलगा अंदाजानेच तारखा सांगत होता. बाबा शाळेत गेलेले नाहीत. विचारणार कोणाला?

त्यांनी कोर्टाच्या कागदाची झेरॉक्स मला आणून दिली होती. "ताई, तुमच्याकडे राहू द्या. माझं घर गळतं." मी ती फाइलला लावली आणि विसरून गेले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांची नात ऑफिसात आली. बारावीची परीक्षा दिलेली मुलगी. तिने तो कागद काढला, त्यावरचा लांबलचक नंबर फोनवर टाकला आणि एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "ताई, बाबांचा दावा तर निकाली निघाला आहे."

चार महिने झाले होते. वादी गैरहजर, वकील गैरहजर, म्हणून दावा काढून टाकलेला. त्या चार महिन्यांत बाबा तीनदा 'तारखेला' जाऊन आले होते! गैरहजेरीत काढलेला दावा पुन्हा चालू करून घ्यायला कायद्याने ३० दिवसांची मुदत असते. कागद माझ्याच कपाटात होता. मी महिन्यातून एकदा जरी पाहिलं असतं, तरी ती मुदत हातात होती.

आम्ही बाबांना घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे गेलो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांनाही तसंच. हे आपल्या किती कुटुंबांना ठाऊक आहे? १५१०० या हेल्पलाइनवरही विचारता येतं. मिळालेल्या वकीलताईंनी दावा पुन्हा चालू करण्याचा अर्ज आणि सोबत विलंब माफीचा अर्ज दाखल केला. उशीर का झाला, ते बाबांनी शपथेवर सांगितलं.

आता हे पाहायचं कसं, ते सांगते. ई-कोर्ट्स ही सरकारी सेवा आहे. तिची वेबसाइट आहे, फोनवरचं ॲपही आहे. पैसे लागत नाहीत. प्रत्येक दाव्याला अक्षरं-आकडे मिळून सोळा खुणांचा सीएनआर नंबर असतो. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात 'एमएच'ने. तो टाकला की मागच्या तारखांना काय झालं, पुढची तारीख कोणती, दावा चालू आहे की निकाली, हे दिसतं. निकाल चढवलेला असेल तर वाचताही येतो. नंबर नसेल तर जिल्हा आणि कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावाने व वर्षाने शोधावं. नाव इंग्रजीत कसं लिहिलंय ते मात्र सांगता येत नाही. वळवीचा 'व' कोणी व्हीने लिहितं, कोणी डब्ल्यूने. एका तऱ्हेने सापडलं नाही तर दुसऱ्या तऱ्हेने पाहा.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, 'निकाली' एवढा शब्द वाचून हरलो की जिंकलो ते ठरवू नका. हुकूम पूर्ण वाचा, वकिलांकडून समजून घ्या. दोन, फोनवरचा निकाल अपिलासाठी चालत नाही. कोर्टातून सहीशिक्क्याची नक्कल काढावी लागते, आणि तिचा अर्ज लगेच टाकावा. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात. तीन, तहसीलदार, प्रांत यांच्यापुढची महसुली प्रकरणं ई-कोर्ट्सवर नसतात. वनहक्काचे दावेही तिथे शोधू नका. त्यासाठी त्या त्या कार्यालयातच जावं लागतं.

आणि एक विनंती. दुसऱ्याचा खटला उघडता येतो म्हणून गावभर सांगू नका. लोक आपल्यावर विश्वास टाकून कागद देतात.

आता ऑफिसात एक वही केली आहे. कुटुंबाचं नाव, सीएनआर नंबर, पुढची तारीख. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाबांची नात आणि वसतिगृहातल्या दोन मुली सगळे नंबर पाहतात आणि तारीख पाड्यावर कळवतात. बऱ्याच पाड्यांवर रेंज नाही, तेव्हा निरोप रविवारी उपासनेनंतर तोंडीच जातो.

तुमच्याकडे मागणं एवढंच. तुमच्यात कोणी निवृत्त कोर्ट कारकून असतील, वकिलीचं शिक्षण घेणारी मुलं असतील, त्यांनी एक शनिवार आम्हाला द्यावा. हुकूमाची इंग्रजी वाचून साध्या शब्दांत सांगणारं माणूस आम्हाला हवं आहे.

प्रभूने न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्या विधवेचा दाखला दिला, तो आपण सगळे जाणतो. आमचे बाबाही तसेच जात राहिले. फक्त ज्या दारावर ते बसले होते, ते दार कोर्टाचं नव्हतं, आणि हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं. ते काम माझं होतं.

बाबांच्या अर्जावर अजून निर्णय झालेला नाही. अर्ज मंजूर होईल की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण या वेळची तारीख खरी आहे, नातीने स्वतः पाहिली आहे आणि ती त्यांच्यासोबत जाणार आहे. तुमच्या प्रार्थनेत दोघांची आठवण ठेवा.