पाटी बघता, मग माणसंही मोजा!



दुकानाची पाटी मराठीत हवी. २०१७ च्या कायद्यानं दहापेक्षा कमी नोकरांची दुकानं यातून सुटली होती. मार्च २०२२ च्या दुरुस्तीनं ती पळवाट बुजवली. देवनागरी अक्षर आधी, आणि दुसऱ्या लिपीपेक्षा बारीक चालणार नाही! व्यापाऱ्यांची संघटना भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. कोर्टानं २५ सप्टेंबर २०२३ रोजी दोन महिन्यांची मुदत दिली. ती संपताच मुंबई महापालिकेचे निरीक्षक बाजारातून हिंडू लागले.

आम्ही चार इयत्ता शिकलेली माणसं. पाटी वाचता आली की दुकानात ताठ मानेनं शिरतो.

पण दंडाचं कलम नीट ऐका. नोकरामागं २,००० रुपये! म्हणजे नोकर मोजावे लागणार. बदलीवाल्याचं नाव मस्टरवरून कसं गायब होतं, ते आम्हा गिरणीवाल्यांना कुणी शिकवायला नको. मालक सांगणार, दोनच नोकर. मागं गोदामात आठ जण पोती उचलत असतात. तेव्हा निरीक्षकसाहेब, पाटी बघून रस्त्यावरूनच परत फिरू नका. आत या, नावं लिहून घ्या.

आणि बंधूंनो, निरीक्षक आपल्या गल्लीत आला की आपली दोन माणसं त्याच्यासोबत हवीत. गोदामातल्यांना त्यांनी हाक मारून बाहेर बोलवायचं.