दुष्काळ आणि बालकांचें भवितव्य
(देणगीदारांच्या सभेंत झालेलें भाषण)



दुष्काळांत किती माणसें व जनावरें वांचलीं, याचा हिशेब आपण दर अहवालांत मांडतों. आज मी ज्या हानीकडे आपलें लक्ष वेधूं इच्छितों, ती कोणत्याहि खतावणींत दिसत नाहीं. पाऊस पुन्हा पडतो, विहिरींस पाणी येतें. परंतु बालपणीं झालेली झीज सहसा भरून येत नाहीं.

महाराष्ट्रांत १९७२ सालीं दुष्काळ पडला, तेव्हां पुढील उन्हाळ्यांत सुमारें ५० लक्ष लोक सरकारी कामांवर होते. त्या कामांनीं प्राण वांचले, व मुलांस वाटलेली सुकडी अद्यापि वृद्धांच्या स्मरणांत आहे. परंतु आई खडी फोडावयास गेली, कीं धाकट्यास सांभाळण्यासाठीं थोरली मुलगी शाळेंतून निघते. आणि एकदां निघालेली मुलगी बहुधा परत जात नाहीं.

त्या धाकट्याची हानि तर याहून खोल असते. इथिओपियांत १९८४ च्या दुष्काळाची झळ ज्यांस तीन वर्षांच्या आंत लागली, तीं मुलें मोठेपणीं सुमारें ५ सेंटिमीटरांनीं ठेंगणीं भरलीं, व त्यांच्यांत प्राथमिक शिक्षण पुरें करणारीं कमी निघालीं, असें अभ्यासकांस आढळलें. उलट ग्वाटेमालांत १९६९ ते १९७७ पर्यंत कांहीं खेड्यांतून पौष्टिक पेज देण्यांत आली. ज्या मुलग्यांस ती पहिल्या दोन वर्षांत मिळाली, त्यांची पुढें तासाची मजुरी शेंकडा ४६ अधिक भरली. तीन वर्षांनंतर मिळालेल्या पेजेनें मजुरींत असा फरक पडला नाहीं. वेळ टळली, कीं दान थिटें पडतें, तें असें.

शाळेंत आज दुपारचें जेवण मिळतें. दुष्काळी भागांत तें उन्हाळ्याच्या सुटींतहि द्यावें, असें सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं फर्माविलें. परंतु आईबापांसह ऊसतोडीस गेलेल्या मुलास तें कोठून मिळणार?

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. आपल्या निधींतून पहिला घास गरोदर स्त्रिया व तीन वर्षांखालील बालकें यांस मिळावा. आणि आईबाप परगांवीं गेले तरी मुलें गांवींच राहून शिकतील, अशीं हंगामी वसतिगृहें उघडावीं.

शेतकरी स्वतः अर्धपोटीं राहतो, पण बियाण्यास हात लावीत नाहीं. आपणहि हीं बालकें बियाण्याप्रमाणें जपावीं, व त्यासाठीं सढळ हातानें साह्य करावें, अशी नम्र प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.