वादळात टिकणारी एक खोली : खर्च कसा उभारावा?
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मी कृषिविद्या शिकवतो. भात, नाचणी, कुळीथ हे माझे विषय. आज मात्र पिकाऐवजी आपल्या घरातील एका खोलीविषयी बोलणार आहे. कारण पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते, माणूस गेला तर येत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. आमचे घर दापोली तालुक्यात आहे. दुपारी पडवीचे पत्रे गेले, पाठोपाठ माजघरावरची कौले उडू लागली. आई, वडील आणि आजी न्हाणीघरात जाऊन बसली, कारण घरात स्लॅब तेवढ्याच जागेवर होता. चार फूट बाय सहा फूट! तिघेही वाचली. घरात स्लॅब पडला तो केवळ पाण्याची टाकी ठेवायची म्हणून. म्हणजे जीव वाचला तो योगायोगाने. तुम्ही योगायोगावर विसंबू नये, एवढ्यासाठीच हे सांगणे.

स्लॅबच का?

थोडा हिशेब करू. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो भरतो. छपराला वर खेचणारा जोर याच्या जवळपास जाऊ शकतो, आणि दार-खिडकी उघडी पडली तर आणखी वाढतो. दहा फूट बाय दहा फूट खोलीच्या छपरावर हा जोर सहाशे किलोंच्या वर जातो. पत्र्याचे वजन चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास असते, म्हणजे सगळी भिस्त खिळ्यांवर आणि वाशांवर. चार इंची स्लॅबचे वजन मात्र चौरस मीटरला अडीचशे किलो. तेवढ्याच खोलीवर ते सव्वादोन टनांहून अधिक होते. तो सहजासहजी उचलला जात नाही. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हेही ध्यानात ठेवावे.

किती बांधावे?

सगळे घर स्लॅबचे करण्याची ऐपत प्रत्येकाची नसते आणि त्याची गरजही नाही. घराच्या आतल्या बाजूची एकच खोली निवडावी. चारही कोपऱ्यांत सळईचे खांब, दारा-खिडक्यांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा, वर चार इंची स्लॅब, एकच लहान खिडकी आणि भक्कम दार एवढे पुरे. दहा बाय दहाच्या स्लॅबला साधारण आठ पोती सिमेंट आणि ७५ ते ८० किलो सळई लागते. खांब, पट्टा व चिऱ्याच्या भिंतींचा हिशेब गवंड्याकडून वेगळा लिहून घ्यावा. खांबांची व सळईची मांडणी मात्र जाणकार अभियंत्याकडूनच ठरवून घ्यावी, तेथे काटकसर नको.

ही खोली वर्षभर रिकामी ठेवू नका. बियाणे, खताची पोती, घराची कागदपत्रे तेथे ठेवा. पावसात भिजून फुकट जाणारे बियाणे वाचले की खोली आपला थोडा खर्च स्वतःच फेडते.

पैसा कोठून आणावा?

आता आमची चूक सांगतो. वादळानंतर छप्पर घालण्यासाठी वडिलांनी आंब्याच्या बागेवर एका व्यापाऱ्याकडून उचल घेतली. घाई होती, दुसरा विचार सुचला नाही. पुढचे दोन हंगाम आमचा आंबा त्याच गाळ्यावर, तो म्हणेल त्या भावाने गेला. व्याज कोठे लिहिलेले नव्हते, पण ते भरलेच. म्हणून पैशाची सोय वादळाआधी करावी. वादळानंतर घासाघीस करण्याचे बळ आपल्यात उरत नाही.

१) पहिला मार्ग बचतीचा. दहा माडांचे उत्पन्न या खोलीच्या नावाने बाजूला काढा. माडाला ६० नारळ धरले तर वर्षाला ६०० नारळ होतात. चालू भावाने गुणून पाहा. ही रक्कम बँकेत वेगळ्या खात्यात ठेवा, घरात ठेवलेली टिकत नाही.

२) काम टप्प्याने करा. पहिल्या वर्षी पाया, भिंती व खांब, दुसऱ्या वर्षी स्लॅब. उघड्या राहिलेल्या सळईला सिमेंटचा राप द्यावा, नाहीतर खाऱ्या हवेत ती गंजते.

३) कमी पडेल तेवढेच कर्ज घ्या. समजा ५० हजार रुपये हवेत. महिना शेकडा दोन रुपये दराने सावकाराकडून घेतले तर दोन वर्षांत २४ हजार व्याज होते. वार्षिक शेकडा दहा दराने सरळव्याजाने तेच १० हजार होते. बचत गट, पतसंस्था, बँक या तिन्ही ठिकाणी दर विचारून मगच सही करा. पीककर्जाचा पैसा मात्र इकडे वळवू नका.

४) कच्चे घर असणाऱ्यांनी ग्रामपंचायतीत घरकुल योजनेची चौकशी करावी. मंजुरी मिळाल्यास आराखड्यातच एक खोली स्लॅबची धरावी.

५) फळपीक विम्यातून घराची भरपाई मिळत नाही. घराचा विमा निराळा असतो. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे आणि तीत वादळाचे नुकसान धरलेले आहे. आपले बांधकाम तीत बसते का, हे आधी विचारून घ्यावे.

दोन सूचना

घरावर पडू शकेल असा वाकलेला माड वेळीच काढावा. वाऱ्याच्या बाजूला, घरापासून दूर, सुरूच्या दोन-तीन ओळी लावाव्यात. त्या वारा अडवतील आणि पुढे वासेही देतील.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. ही खोली वाऱ्यापासून वाचवते, समुद्राच्या पाण्यापासून नाही. खाडीकाठी व किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी प्रशासनाने सांगताच घर सोडावे. तसेच वारा एकाएकी थांबला तर लगेच बाहेर पडू नये. वादळाचा मध्य डोक्यावर असतो आणि थोड्या वेळाने वारा उलट दिशेने सुटतो.

मे महिन्यात आपण कौले शाकारतो, गवत भरतो, बियाणे निवडतो. येत्या मे महिन्यात घरच्यांना एकत्र बसवून एक प्रश्न विचारा: वारा सुटला तर आपण कोणत्या खोलीत बसायचे? उत्तर सापडले नाही, तर त्याच दिवशी दहा माड मोजून ठेवा.