रस्त्याचे शास्त्र आणि आपला गाव

श्रोतेहो, रस्ता कोण बांधतो असे विचारले, तर तुम्ही चटकन सांगाल, सरकार बांधते, नाही तर ठेकेदार. उत्तर खोटे नाही. पण रस्ता किती रुंद असावा, पुलाने किती भार सोसावा, गतिरोधक किती उंच असावा, ही मापे कोण ठरवते? ती ठरवते रस्त्यांच्या जाणकारांची एक संस्था. तिचे नाव इंडियन रोड्स काँग्रेस. नावातल्या ‘काँग्रेस’ शब्दाने गोंधळू नका. राजकीय पक्षाशी तिचा काही संबंध नाही. काँग्रेस म्हणजे इथे परिषद, चार जाणत्यांनी एकत्र बसून केलेला विचार.

या संस्थेच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे. पहिल्या महायुद्धानंतर आपल्याकडे मोटारी वाढू लागल्या. बैलगाडीची लोखंडी धाव आणि मोटारीचे रबरी चाक एकाच खडीच्या रस्त्यावर आले, आणि रस्ते उखडू लागले. रस्त्यांचा भार प्रांतांवर नि लोकल बोर्डांवर. त्यांच्या तिजोरीला तो पेलेना. तेव्हा १९२७ साली त्या वेळच्या हिंदुस्थान सरकारने एक समिती नेमली. अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे १९४८ साली पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीने सुचवले, की पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो पैसा रस्त्यांसाठीच राखून ठेवा. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी निघाला. पण नुसत्या पैशाने भागत नाही. एका प्रांतात चुकलेले दुसऱ्या प्रांतात पुन्हा चुकू नये, यासाठी इंजिनियरांनी आपला अनुभव एकमेकांना सांगायला हवा, हेही समितीने ओळखले होते. त्या विचारातून डिसेंबर १९३४ मध्ये ही संस्था उभी राहिली.

आता म्हणाल, मोठ्यांच्या या सभेशी आमच्या गावाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. १९४३ साली नागपूरला देशातले मुख्य इंजिनियर जमले आणि पुढील वीस वर्षांची रस्ते योजना आखली गेली. ‘नागपूर योजना’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. तिने रस्त्यांच्या पायऱ्या लावल्या: राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. आजही बांधकाम खात्याच्या कागदावर आपण प्रजिमा, इजिमा अशी अक्षरे वाचतो, म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग. त्या पायऱ्यांचे मूळ नागपुरात आहे. आणि त्या योजनेने एक उद्दिष्ट ठेवले, की शेतीने समृद्ध मुलखातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये. रस्ता मोजायचा तो शहरातून नव्हे, गावाच्या वेशीपासून, हा विचार त्यात होता.

या संस्थेची रीत साधी आहे. तिच्या समित्या एकेका विषयावर खल करतात आणि मग त्याची पुस्तिका छापतात. पुस्तिका म्हणजे काही कायदा नव्हे. पण काम या मापाप्रमाणे व्हावे असे निविदेत लिहिले, की ते ठेकेदारावर बंधनकारक होते.

एक उदाहरण घेऊ. गावाजवळ अपघात होतो. लोक चिडतात, आणि रातोरात मुरूम-दगड टाकून आडवा बांध घालतात. हेतू चांगला, पण परिणाम? दुधाच्या किटल्या घेऊन निघालेला मोटारसायकलवाला अंधारात आपटतो. बाळंतीण घेऊन निघालेल्या गाडीला असा धक्का बसतो, की आतल्या बाईचा जीव कळवळावा. आता शास्त्र काय सांगते ते बघा. संस्थेच्या १९८८ सालच्या सूचनांत गोलाईचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे. उंची वीतभरसुद्धा नाही, रुंदी मात्र सुमारे बारा फूट! ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने येणारी गाडी त्यावरून सुखाने जाते. भरधाव येणाऱ्यालाच दणका बसतो. शिवाय त्यावर पट्टे रंगवावेत, अलीकडे इशाऱ्याची पाटी लावावी. वेग आवरायचा आहे, माणसाचे हाड मोडायचे नाही.

गुरुजनहो, इथे तुमचे काम येते. सातवी-आठवीची मुले घेऊन रस्त्याच्या कडेला जा. वर्दळ नसेल ती वेळ निवडा, आणि मोठी माणसे सोबत ठेवा. टेप आणि दोरी घेऊन गतिरोधक मोजा. भूमितीचा धडाही होईल. माप चुकलेले दिसले, तर ते आकड्यांसकट ग्रामसभेपुढे मांडा आणि अर्ज करा. ‘रस्ता वाईट आहे’ या तक्रारीला उडवाउडवीचे उत्तर मिळते. ‘उंची वीस सेंटिमीटर आहे, दहा हवी’ याला देता येत नाही.

शेतकरी बंधूंनो, तुमच्याही हाती काही आहे. रस्त्याला मधे फुगवटा ठेवतात तो पाणी दोन्ही अंगांना उतरावे म्हणून. ते वाहून जायला कडेला चर लागतो. शेतात गाडी उतरवायची म्हणून आपण तो चर मातीने बुजवतो, आणि एका पावसाळ्यात लाखांचा रस्ता फुटतो. चरात नळा टाका, वर माती घाला. वाटही होईल, पाणीही वाहील.

तज्ज्ञ माप सांगू शकतात. ते माप आपल्या वेशीवर पाळले जाते की नाही, हे पाहायला दिल्लीहून कोणी येणार नाही. ती नजर गावाचीच हवी.