मरणाचा हक्क आणि नगरपरिषदेची फाइल

पेण-रोह्याच्या गावागावांतून आलेले डॉक्टर, परिचारिका, वकील व आशाताई,

जेवणाची वेळ जवळ आली आहे, तेव्हा नमनाला घडाभर तेल न घालता थेट विषयावर येतो.

इच्छामरण हे परदेशातून आलेलं खूळ आहे, असं पुष्कळांना वाटतं. मग गागोद्याचं काय करायचं? याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावी 1895 साली विनोबा जन्मले. 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला त्यांना हृदयविकाराचा झटका आला. उपचार करायला डॉक्टर हजर होते. विनोबांनी अन्न आणि औषध दोन्ही नाकारलं आणि 15 नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, ते गेले. वय 87. त्याआधी 1966 मध्ये सावरकरांनी अन्न त्यागून प्रायोपवेशन केलं होतं आणि 1955 मध्ये कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागरांनी सल्लेखना घेतली होती. तिघांचे विचार एकमेकांपासून कोसभर लांब, पण शेवटाचा निर्णय आपला आपण घ्यायचा, यावर तिघांचं एकमत. विनोबांना पुढच्याच वर्षी मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

त्याच दशकात मुंबई पोलीस दलातल्या एका शिपायाचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. माणूस मनाने खचलेला. बायकोच्या भाजीच्या गाळ्याला परवाना मिळेना, म्हणून त्याने महापालिकेच्या दारात स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. त्याच्यावर मात्र आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल तेव्हाच्या दंडसंहितेच्या कलम 309 खाली गुन्हा दाखल झाला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने 1986 मध्ये ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ते मत मानलं नाही, तो इतिहास वकील मंडळींना पाठ आहे. मला एवढंच म्हणायचं आहे, की मरण पत्करलेल्या संताला आपण नमस्कार केला आणि मरू पाहणाऱ्या शिपायाला चौकीवर नेलं. खरं तर दोघांची गोष्टच वेगळी. विनोबांचं आयुष्य भरून झालं होतं. शिपायाला मरण नको होतं, परवाना हवा होता, औषध हवं होतं. हा फरक ओळखता येणं म्हणजेच या विषयातली अर्धी समज.

आता अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएम रुग्णालयाची परिचारिका, 1973 च्या नोव्हेंबरात रुग्णालयातच तिच्यावर हल्ला झाला, आणि पुढची जवळजवळ 42 वर्षं ती तिथेच खाटेवर होती. लेखिका पिंकी विराणींनी तिचं अन्न थांबवण्याची परवानगी मागितली, 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. पण त्याच निकालाने निष्क्रिय दयामरणाचं, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देण्याचं, दार पहिल्यांदा किलकिलं केलं. त्या निकालातली एक नोंद मला सगळ्या युक्तिवादांपेक्षा मोठी वाटते. इतक्या वर्षांनंतर तिच्या अंगावर एकही शय्याव्रण नव्हतं. इथल्या परिचारिकांना याचा अर्थ सांगायला नको. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, टाचांखाली मऊ काही सरकवायचं, चादरीला चुणी राहू द्यायची नाही, आणि हे पाळीमागून पाळी, पिढीमागून पिढी. ज्या मुलींनी अरुणाला चालताना पाहिलंच नव्हतं, त्यांनीही हे केलं. म्हणून 'तिला जाऊ द्या' या मागणीला परिचारिकांनी विरोध केला, तेव्हा त्यांना भाबडं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. विराणींचा प्रश्न खरा होता, तसं परिचारिकांचं उत्तरही खरं होतं. 2015 च्या मे महिन्यात न्यूमोनियाने अरुणा गेली.

आपल्या भागातलं वास्तव याहून फार साधं आहे. म्हातारा माणूस अत्यवस्थ झाला, की गाडी अलिबागला, नाहीतर पनवेल-कामोठ्याला. तिथे नळी घालतात, मशीन लावतात. चौथ्या-पाचव्या दिवशी पैसे संपतात. नातेवाईक विचारतात, 'आता मशीन काढलं तर?' उत्तर ठरलेलं, 'लावलं की काढता येत नाही, न्यायचं तर तुमच्या जबाबदारीवर न्या.' मग डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध नेत असल्याच्या कागदावर मुलगा सही करतो आणि बाप वडखळच्या आसपास अॅम्ब्युलन्समध्ये जातो. याला आपण कोणी इच्छामरण म्हणत नाही. पण निर्णय तर झालाच ना? फक्त तो रुग्णाने घेतला नाही, डॉक्टरनेही घेतला नाही. बिलाने घेतला.

'काढता येत नाही' हे आता खरं नाही, आणि ते आपण डॉक्टरांनीच सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या 9 मार्च 2018 च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या 21 व्या कलमात मानला. त्यातली पद्धत मात्र अशी किचकट होती, की मृत्युपूर्व वैद्यकीय इच्छापत्रावर, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदावर, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची. 24 जानेवारी 2023 ला न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेत. वेळ आली की उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं मंडळ शक्यतो 48 तासांत मत देतं, मग दुसरं मंडळ ते तपासतं, आणि दंडाधिकाऱ्यांना कळवून उपचार थांबवता येतात. कागद लिहिला नसेल, तरी नातेवाइकांच्या संमतीने मंडळामार्फत हाच रस्ता आहे. गोव्यात 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं मृत्युपूर्व वैद्यकीय इच्छापत्र केलं. या कामी न्यायमूर्तीने आधी स्वतः सही करणं मला फार आवडलं.

सक्रिय दयामरणाचं, म्हणजे इंजेक्शनचं काय? नेदरलँड्समध्ये 2002 पासून ते कायदेशीर आहे. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने जून 2025 मध्ये 314 विरुद्ध 291 मतांनी सहाय्यित मृत्यूच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आपल्याकडे गिरगावातल्या एका वृद्ध, निपुत्रिक दाम्पत्याने, आजार नसतानाही, राष्ट्रपतींकडे मरणाची परवानगी मागितली होती. त्यांचा मी आदर करतो. तरी आज, इथे, माझं मत विरोधात आहे, आणि कारण धार्मिक नाही.

रोह्याच्या पुढच्या एका गावात मी तोंडाच्या कर्करोगाचा एक रुग्ण पाहत होतो. मुलगा मला सोडायला अंगणापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, 'डॉक्टर, काहीतरी देऊन सोडवा त्यांना.' आतून कण्हण्याचा आवाज येत होता. घरात वेदनाशामक म्हणून पॅरासिटामॉलचं पाकीट. मॉर्फिनच्या साध्या गोळ्या, ज्यांना फार पैसे पडत नाहीत, त्यांच्यासाठी मुंबई गाठावी लागली. त्या सुरू झाल्यावर मी पुन्हा गेलो, तर म्हातारा खाटेवर बसून मुलाला रागावत होता, की वाफ्याला पाणी सोडलं नाहीस. 'सोडवा' हा शब्द त्या घरात पुन्हा निघाला नाही. काही आठवड्यांनी ते गेले, घरीच. ही गोळी गावात पोहोचणं अशक्य नाही: 2014 मध्ये अमली पदार्थ कायदा बदलून मॉर्फिनची वाट सोपी केली गेली, वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून वेदनाशमनाचंच काम करतंय, केरळने 2008 मध्ये धोरण करून वेदनाशमन गावागावांत नेलं. जिथे दुखणं थांबवायची गोळी मिळत नाही, तिथे मरणाचं इंजेक्शन आधी पोहोचलं, तर त्याला निवड म्हणता येणार नाही. शिवाय सातबारावर ज्यांचं नाव शेवटचं उरलंय, त्या म्हाताऱ्यांची 'इच्छा' घरात कशी घडते, हे आपण सगळे जाणतो. जास्त बोलायला लावू नका.

म्हणून मागणं मोठं नाही. 2023 च्या निकालानुसार इच्छापत्राची एक प्रत नगरपरिषद वा पंचायतीच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी यासाठी उच्च न्यायालयात याचिका केली, आणि राज्यात असे अधिकारी नेमले जाऊ लागले. आपल्या दोन्ही तालुक्यांत हा अधिकारी कोण, कोणत्या टेबलावर, कोणत्या वारी भेटतो, हे कार्यालयाच्या फलकावर लिहिलेलं असावं. उपजिल्हा रुग्णालयात मॉर्फिन मिळावं. आणि आशाताईंना खाटेवरच्या रुग्णाची कूस बदलण्यापासून प्रशिक्षण मिळावं. दुपारच्या सत्रात हे तीनही ठराव मी मांडणार आहे. जेवून पेंगू नका, हात वर करायला थांबा. आणि घरी गेल्यावर आई-वडिलांना, त्यांची तब्येत ठणठणीत असतानाच, एकदा विचारा, की त्यांना शेवटी काय हवं आहे आणि काय नको.