कोळशाचा देश, अणूचा देश

माझी तीस वर्षं औष्णिक वीजकेंद्रात गेली. शर्टाची कॉलर किती काळी आहे त्यावरून आज मी कुठल्या बाजूला काम केलं, हे घरी बरोबर ओळखत. त्यामुळे 30 सप्टेंबर 2024 रोजी इंग्लंडमधलं रॅटक्लिफ-ऑन-सोर हे वीजकेंद्र बंद झालं, ती बातमी मी दोनदा वाचली. कोळशावर चालणारं ब्रिटनमधलं ते शेवटचं केंद्र. 1882 साली लंडनच्या हॉलबर्न भागात एडिसनच्या कंपनीने कोळसा जाळून वीज पुरवायला सुरुवात केली होती. ज्या देशाने ही चूल पेटवली, त्यानेच ती 142 वर्षांनी विझवली.

इंग्लिश खाडीच्या पलीकडे फ्रान्स. मधलं अंतर अरुंद जागी जेमतेम तेहतीस-चौतीस किलोमीटर. दोन्ही देश लोकसंख्येने आणि श्रीमंतीने साधारण सारखे. पण विजेसाठी काय जाळायचं, या प्रश्नावर दोघांची तोंडं दोन दिशांना.

त्यासाठी मार्च 1974 चा पहिला आठवडा आठवावा लागेल. आदल्या वर्षी अरब देशांनी तेलाची कोंडी केली होती आणि तेलाचे भाव चौपट झाले होते. फ्रान्सची जवळजवळ चाळीस टक्के वीज तेव्हा तेलावर होत होती. स्वतःचं तेल नाही, कोळसाही खोल आणि महाग. पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी दूरचित्रवाणीवर येऊन सांगितलं, की यापुढे आपण अणुशक्तीवर भर देणार. संसदेत आधी चर्चासुद्धा झाली नव्हती! त्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालवण्याचा फतवा मागे घेतला जात होता. खाणकामगारांनी काम अडवलं होतं, कोळसा पुरत नव्हता, आणि त्या गोंधळात पंतप्रधान हीथ यांची सत्ता गेली होती. एका देशाला तेलाने पकडलं, दुसऱ्याला कोळशाने.

फ्रान्सने मग झपाटाच लावला. सरकारी वीज कंपनी एकच, आराखडेही मोजकेच. एकाच साच्यातून विटा पाडाव्यात तशा अणुभट्ट्या उभ्या केल्या. 1980 मध्ये अणुविजेचा वाटा चौथाईच्या आसपास होता, 1986 मध्ये तो सत्तर टक्क्यांवर गेला. सहा वर्षांत! आमच्याकडे एका संचाची उभारणी कधीकधी त्याहून लांबते, हे मी अनुभवाने सांगतो. हे सगळं बिनविरोध झालं असं मात्र नाही. ब्रिटनी प्रांतातल्या प्लोगॉफच्या गावकऱ्यांनी इतका विरोध केला, की 1981 मध्ये तिथला प्रकल्प सोडूनच द्यावा लागला.

गंमत अशी, की अणुविजेत आधी पुढे होता तो ब्रिटन. काल्डर हॉलचं केंद्र 1956 मध्येच सुरू झालं होतं. पण पुढे आराखड्यांचे घोळ झाले. डंजनेस बी या केंद्राचं काम 1965 मध्ये सुरू झालं आणि वीज आली 1983 मध्ये. शिवाय पायाखाली कोळसा आणि उत्तर समुद्रात वायू असल्यावर घाई कोण करतो? 1984-85 चा खाणकामगारांचा संप वर्षभर चालला. सरकारने वीजकेंद्रांत आधीच कोळशाचे ढीग लावून ठेवले होते, तेलावरची केंद्रं जोरात चालवली, आणि संप मोडला. 1990 मध्ये वीजक्षेत्राचं खाजगीकरण झालं. नव्या कंपन्यांना वायूची केंद्रं स्वस्त पडत, झटपट उभी राहत. 1990 मध्ये नगण्य असलेला वायूचा वाटा 2000 पर्यंत चाळीस टक्क्यांच्या घरात गेला. मग 2013 पासून कार्बनवर किमान किंमत बसली, समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. 2012 मध्येही चाळीस टक्के वीज देणारा कोळसा बारा वर्षांत शून्यावर आला.

एकाच साच्याची किंमत फ्रान्सला 2022 मध्ये कळली. एका भट्टीच्या नळ्यांत गंजामुळे पडलेल्या भेगा सापडल्या, म्हणून तिच्या बहिणीही बंद करून तपासाव्या लागल्या. त्यात देखभालीची कामं साचलेली. उन्हाळ्याअखेर 56 पैकी निम्म्याहून अधिक भट्ट्या थंड होत्या. खाडीच्या तळाशी दोन्ही देशांना जोडणाऱ्या केबल आहेत. पहिली 1961 मधली. एरवी त्यांतून फ्रान्सची वीज इंग्लंडला जाते. त्या वर्षी गणित उलटं झालं, इंग्लंडनेच फ्रान्सला जास्त वीज दिली. फ्लामाँव्हिलची नवी अणुभट्टी तर 2007 मध्ये सुरू होऊन डिसेंबर 2024 मध्ये वीजजाळ्याला जोडली गेली. आपल्या जैतापूरला याच जातीच्या सहा भट्ट्यांचा प्रस्ताव आहे, म्हणून कोकणातल्या श्रोत्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. तरीही फ्रान्सची सुमारे दोन तृतीयांश वीज आजही अणूचीच आहे, आणि ब्रिटन वारा पडला की वायूकडेच धावतो.

रॅटक्लिफमध्ये शेवटच्या दिवसांत सुमारे 170 माणसं कामावर होती. कोळसा बंद होणार, हे सरकारने 2015 मध्येच जाहीर केलं होतं. म्हणजे दुसरं काम शिकायला, मुलांच्या शाळांचं बघायला नऊ वर्षं मिळाली. 1985 च्या वसंतात संप मागे घेऊन खाणीत परतलेल्यांना इतकी सवड कुणी दिली नव्हती.