काळुंदराचे नातेवाईक



मी कॉम्प्युटरवाला, माशांशी माझा संबंध ताटापुरता. पण जनुकांवरून माशांची वंशावळ कशी मांडतात हे वाचायला लागलो आणि वाटलं, अरे, हे तर आपल्याच धंद्यातलं काम!

समजा, दोन प्रोग्राममध्ये एकाच ओळीत नेमकी तीच चूक सापडली. आपण लगेच म्हणतो, दोन्ही एकाच फाइलवरून उतरवलेत. डीएनएचंही तसंच. त्याची चार अक्षरं पिढ्यान्‌पिढ्या नकलली जातात. क्वचित एखादं अक्षर बदलतं आणि तो बदल पुढच्या वंशात उतरतो. हे बदल ज्या तुकड्यांत मोजतात, त्या जनुकीय खुणा. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए यासाठी सोयीचा: माशांत तो साधारण साडेसोळा हजार अक्षरांचा असतो आणि सहसा फक्त आईकडून येतो. एकट्या आईची बाजू अपुरी, म्हणून पेशीच्या केंद्रकातली जनुकंही तपासतात.

आता गोव्याच्या खाड्यांतला काळुंदर घ्या. केरळात त्यालाच करीमीन म्हणतात. तो सिक्लिड कुळातला. सुपरमार्केटात मिळणारा तिलापियाही त्याच कुळातला, मूळचा आफ्रिकेचा. पण खुणा सांगतात की काळुंदराचे जवळचे भाऊबंद आफ्रिकेत नाहीत, मादागास्करमध्ये आहेत!

भारत आणि मादागास्कर सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. जमिनीबरोबर मासेही वाटले गेले, असं एक उत्तर. 2008 सालच्या मायटोकॉन्ड्रियाच्या अभ्यासाने त्याला दुजोरा दिला. पण 2013 साली जनुकं आणि जीवाश्म दोन्ही पाहिले, तेव्हा हे अख्खं कुळच त्या वाटणीनंतर बऱ्याच काळाने जन्मल्याचं दिसलं. मग पूर्वज समुद्र ओलांडून गेले असणार. काळुंदर मचूळ पाण्यात मजेत राहतो, तेव्हा हे अगदीच अशक्य नाही.

दोन उत्तरं का? कारण अक्षरं नातं सांगतात, तारीख नाही. तारखेसाठी घड्याळ जीवाश्मांवर लावावं लागतं, आणि कुठले जीवाश्म धरले यावर काळ बदलतो. म्हणजे कोण कुणाचं लागतं यावर भांडण नाही. घर कधी सोडलं, एवढ्यावरच आहे.

मंडळी, मादागास्करमधल्या या भाऊबंदांपैकी अनेक जाती आज नष्ट व्हायच्या बेतात आहेत. पाणथळी बुजताहेत, मासेमारी बेसुमार आहे, आणि बाहेरून आणून सोडलेला तिलापियाही त्यांच्या जिवावर उठलाय. त्या गेल्या, तर आपल्या काळुंदराच्या वंशावळीतली मोठी शाखाच जाईल. साठवलेल्या नमुन्यातली अक्षरं वाचता येतील, पण त्यावरून मासा परत आणता येत नाही. याचा बॅकअप नाही!